बायकोच्या डिग्रीचे आठ पॉइंट

आमच्या गावात एस.टी. स्टँडसमोरच्या गाळ्यात पूर्वी टायपिंग इन्स्टिट्यूट होती. ती बंद पडल्यावर तिथे झेरॉक्स आलं, मग मोबाईलचं दुकान आलं, आणि गेल्या दोन वर्षांपासून त्याच गाळ्यावर लाल पानाचं चित्र असलेला बोर्ड लागलाय. 'कॅनडा पी.आर. पदवीधरांना सुवर्णसंधी.' तालुक्याचं गाव आमचं, मंगळवारच्या बाजारावर जगणारं. तिथवर कॅनडा येऊन पोचला म्हणजे तो तुमच्याही गावात पोचला असणारच.

मी बचत गटाचं आणि महिला मंडळाचं काम करते, त्यामुळे बायका माझ्याकडे कागद घेऊन येतात. पूर्वी रेशनकार्ड, निराधारचा पगार, जातीचा दाखला असे कागद असायचे. हल्ली त्यात लेकीच्या नाहीतर सुनेच्या मार्कशीट असतात. "ताई, जावई परदेशाचा फॉर्म भरतायत. हिचे पण कागद मागितलेत. हिचे कशाला हवेत हो?" हा प्रश्न इतक्यांदा कानावर आला की शेवटी मी बसून सगळं वाचून काढलं. मी साधी बी.ए. आहे, वकील नाही. पण कॅनडाच्या सरकारने पॉइंटचे तक्ते उघड दिलेले आहेत, आणि बेरीज-वजाबाकी तर आपण महिनाअखेरीला करतोच की!

हे पॉइंटचं प्रकरण तसं जुनं आहे. कॅनडाने ते १९६७ साली सुरू केलं. त्याआधी माणूस कुठल्या देशाचा आणि कुठल्या वर्णाचा, यावर बरंच काही ठरायचं. १९५१ च्या करारात भारतातून वर्षाला, जवळचे नातेवाईक सोडून, फक्त दीडशे माणसं घ्यायची असं लिहिलेलं होतं. १९६७ मध्ये शंभर मार्कांचा पेपर आला, पास व्हायला पन्नास, आणि त्यातले वीसपर्यंत शिक्षणाला. म्हणजे कातडीच्या जागी मार्कशीट आली. मला विचाराल तर हे चांगलंच झालं.

आता 'एक्स्प्रेस एंट्री' नावाची पद्धत आहे, जानेवारी २०१५ पासून. त्यात दोन पायऱ्या. बाहेरून थेट अर्ज करणाऱ्या कुशल कामगाराला आधी शंभरपैकी सदुसष्ट मिळवावे लागतात. त्यात शिक्षणाला जास्तीत जास्त पंचवीस आहेत आणि भाषेला अठ्ठावीस. तो उंबरा ओलांडला की मग बाराशे पॉइंटांची मोठी यादी, आणि तिथे वरून खाली नंबर लागतो. कॉलेजच्या मेरिट लिस्टसारखंच. कट-ऑफ दर वेळी बदलतो.

शिक्षणाच्या रकान्याशी मी जरा थबकले. आपल्याकडे आर्ट्सला गेलेल्या मुलीकडे लोक कसे बघतात ते तुम्हाला सांगायला नको. "बी.ए. का? बरं." एवढ्यात विषय संपतो. पण कॅनडाच्या त्या तक्त्यात आर्ट्स, कॉमर्स, सायन्स, इंजिनीअरिंग असा भेदच नाही. तीन किंवा जास्त वर्षांची पदवी म्हटली की एकच ओळ. एकट्याने अर्ज केला तर एकशे वीस पॉइंट आणि जोडीदारासह केला तर एकशे बारा. बी.ए. मराठीला तेवढेच आणि बी.ई. मेकॅनिकललाही तेवढेच. माझ्या धाकट्या दिरांना हे सांगितल्यावर त्यांनी तक्ता स्वतः बघायला मागितला! ते इंजिनीअर आहेत.

पुढची ओळ त्याहून कामाची आहे. एक पदवी तीन वर्षांची आणि तिच्या जोडीला एखाद्या वर्षाचा का होईना दुसरा पदविका-अभ्यासक्रम असेल, तर जोडीदारासह अर्जात एकशे बाराचे एकशे एकोणीस होतात. सातच वाढले असं वाटेल, पण इंग्रजी चांगलं असेल तर शिक्षण आणि भाषा यांच्या जोडीचे वेगळे पॉइंट असतात. ते नुसत्या पदवीला पंचवीस आणि दोन अभ्यासक्रमांना पन्नास. म्हणजे एका डिप्लोम्याने एकूण बत्तीस वाढतात. आणि एम.ए. केलं तर त्या दोन अभ्यासक्रमांपेक्षा फक्त सात जास्त. दोन वर्षं एम.ए. करावं की वर्षाचा डिप्लोमा करावा, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा. पण तो फॉर्म भरायच्या आधी करावा.

मात्र नुसत्या डिग्रीवर या रांगेत उभं राहता येत नाही. गेल्या दहा वर्षांत किमान एक वर्ष सलग, कुशल कामाचा पगारी अनुभव लागतो. गंमत म्हणून मी माझेच पॉइंट काढायला बसले. वय सत्तेचाळीस, त्याला शून्य. तिथे पंचेचाळीस झालं की वयाचा रकाना कोरा होतो. अनुभव, शून्य. सतरा बचत गटांची खाती मी लिहिली, बँकेच्या मॅनेजरशी भांडून कर्जं मंजूर करून आणली, अंगणवाडीच्या खोल्या बांधून घेतल्या, पण पगाराची स्लिप नाही, म्हणून तेही शून्य. मुलांची दहावी-बारावी आणि सासूबाईंचं दोन वर्षांचं अंथरूण याला तर जगात कुठेच रकाना नाही, त्यामुळे कॅनडाला एकट्याला काय बोल लावायचा?

आता त्या जावयांच्या फॉर्मकडे येऊ.

नवरा मुख्य अर्जदार आणि बायको सोबत, असा अर्ज असला तर बायकोच्या नावावर जास्तीत जास्त चाळीस पॉइंट मिळू शकतात. त्यातले दहा कॅनडात केलेल्या कामाचे, ते गावातून जाणाऱ्या मुलीकडे नसतातच. उरले तीस. शिक्षणाला दहा, इंग्रजीला वीस. बी.ए. झालेल्या बायकोच्या डिग्रीला आठ, दोन अभ्यासक्रम असतील तर नऊ, एम.ए.ला दहा. नुसती बारावी असेल तर दोन. म्हणजे जी डिग्री तिच्या स्वतःच्या अर्जात एकशे बारा पॉइंटांची असते, ती नवऱ्याच्या अर्जात आठाची होते. डिग्री तीच, मुलगी तीच. फक्त फॉर्मवर पहिलं नाव कुणाचं, एवढाच फरक.

आठ म्हणजे काहीच नाही असंही समजू नका. २०२४ मध्ये सर्वसाधारण सोडतींचे कट-ऑफ पाचशेच्या वर होते. तिथे एकेका पॉइंटासाठी लोक अडकून पडतात. म्हणून तर सासरची माणसं सुनेचे कागद मागतात. पण आठावर समाधान का मानायचं, हा माझा प्रश्न आहे.

एक खरंखुरं उदाहरण देते, नावगाव राहू द्या. नवरा छत्तीसचा, बी.ई., एका कारखान्यात दहा वर्षं नोकरी. इंग्रजीच्या परीक्षेत चारही विषयांत सहाच्या आसपास बँड. बायको एकतीसची, बी.ए., बी.एड., इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चार वर्षं शिकवते, इंग्रजी फर्डं. घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं की फॉर्म त्याच्या नावाने. आम्ही दोघी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद घेऊन बसलो. त्याच्या नावाने अर्ज, ती सोबत: वयाचे पासष्ट, डिग्रीचे एकशे बारा, इंग्रजीचे चौसष्ट, तिचे शिक्षणाचे नऊ आणि भाषेचे वीस, वर जोड-पॉइंट अडतीस. बेरीज तीनशे आठ. मग नावं उलटी केली. तिचे वयाचे नव्वद, दोन पदव्यांचे एकशे एकोणीस, इंग्रजीचे एकशे सोळा, त्याचे शिक्षणाचे आठ आणि भाषेचे बारा, वर जोड-पॉइंट पूर्ण शंभर. बेरीज चारशे पंचेचाळीस.

एकशे सदतीस पॉइंटांचा फरक! त्याच दोन माणसांचा, त्याच कागदांचा.

खरं सांगायचं तर चारशे पंचेचाळीसही २०२४ च्या सर्वसाधारण सोडतींना पुरले नसते. पण २०२३ पासून कॅनडा ठरावीक व्यवसायांसाठी वेगळ्या सोडती काढू लागला, आणि २०२५ मध्ये त्यात शिक्षण क्षेत्र आलं, ज्यात प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षकांची नावं आहेत. तो दरवाजा तिच्या नावाच्या अर्जाला लागू होता. त्याच्या नावाच्या अर्जाला नाही. हे मी सांगितल्यावर तिच्या सासूबाई म्हणाल्या, "पण लोक काय म्हणतील, बायकोच्या पदराला धरून गेला?" मी म्हटलं, काकू, तुमची सून पंचवीस वर्षांची होती तेव्हा त्याच्या मागोमाग तुमच्या घरी आलीच की. तेव्हा कुणी काही म्हटलं नाही.

त्यांना हसू आलं. फॉर्म कुणाच्या नावाने भरला ते मी विचारलं नाही, तो त्यांच्या घरातला प्रश्न. पण हिशोब दोन्ही बाजूंनी मांडला गेला पाहिजे, एवढा माझा आग्रह आहे, आणि बहुतेक घरांत तो मांडलाच जात नाही. कारण आपल्याकडे मुलीची डिग्री कमावण्यासाठी कमी आणि बायोडाट्यासाठी जास्त असते. स्थळ आलं की डिग्री दाखवायची, लग्न झालं की ट्रंकेत. आता परदेशाच्या निमित्ताने ट्रंक उघडली जातेय, तर ती उघडणारीच्या फायद्याची उघडावी.

ऑस्ट्रेलियाचं गणित वेगळं आहे, पण त्यातही बायको येतेच. तिथे किमान पासष्ट पॉइंट लागतात. पदवीला पंधरा आणि पीएच.डी.ला वीस. जोडीदाराचं इंग्रजी ठीक असेल तर पाच. त्याच्या जोडीला त्याच्या व्यवसायाचं मूल्यांकनही झालेलं असेल तर दहा. आणि २०१९ च्या नोव्हेंबरपासून, अर्जदार एकटा असेल तरी दहा! म्हणजे बायको इंग्रजीची परीक्षा न देता सोबत असेल, तर त्या माणसाला अविवाहितापेक्षा दहा पॉइंट कमी. लग्न ठरवताना मुलीच्या इंग्रजीची चौकशी का वाढलीये याचं कोडं मला यातून थोडं सुटलं. ज्या आया म्हणतात "आमचे जावईच बघतील सगळं", त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आता कागदांविषयी, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांचं घोडं तिथेच अडतं.

परदेशातली डिग्री कॅनडाच्या डिग्रीच्या तोडीची आहे की नाही, याचा दाखला घ्यावा लागतो. त्याला ई.सी.ए. म्हणतात; मे २०१३ पासून तो सक्तीचा झाला. काही ठरावीक संस्था तो देतात, वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस हे त्यातलं आपल्याकडे सगळ्यात ऐकू येणारं नाव. हा दाखला पाच वर्षं चालतो. एकच डिग्री दोन संस्थांकडे गेली तर निकाल तंतोतंत एकच येईल असं नसतं, आणि दोन पदव्यांचं वजन काय धरायचं तेही त्या संस्थाच ठरवतात. बायको सोबत जाणार असेल तर तिचा दाखला सक्तीचा नसतो, पण तिचे शिक्षणाचे पॉइंट हवे असतील तर घ्यावाच लागतो.

या संस्थांना मार्कशीटच्या प्रती आपल्या हातून चालत नाहीत. ट्रान्सस्क्रिप्ट नावाचा कागद विद्यापीठाकडून थेट त्यांच्याकडे जावा लागतो. आता बघा, किती जणींना आपलं विद्यापीठ माहीत आहे? कॉलेजचं नाव पटकन सांगतात. पण सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये झालं; त्याआधी सोलापूर जिल्ह्यातून पदवी घेतलेलीला कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जावं लागतं. चंद्रपूर-गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ २०११ चं, त्याआधीच्यांना नागपूर. शिवाय नावं बदललीत. पुणे विद्यापीठ २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे, जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव मिळालं. दोन्ही नावं अभिमानाची. पण जुन्या कागदावर जुनं नाव आणि नव्या कागदावर नवं, हे आधी माहीत असलं की फॉर्म भरताना घाबरायला होत नाही.

आणि पदवी प्रमाणपत्र! शेवटच्या वर्षाची मार्कशीट हातात पडली की आपण पदवीधर झालो असं समजायची आपल्याकडे रीतच आहे. पदवीदान समारंभाचा फॉर्म भरायचा असतो, फी भरायची असते, तोवर मुलीचं लग्न झालेलं असतं. माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी एकोणीस वर्षांनी कोल्हापूरला जाऊन ते प्रमाणपत्र काढलं. त्यांना कॅनडाला जायचं नव्हतं, मुलगी म्हणाली म्हणून गेल्या. येताना अंबाबाईचं दर्शन घेऊन आल्या आणि प्रमाणपत्राला लॅमिनेशन करून टाकलं. लॅमिनेशन मात्र करू नका, काही ठिकाणी मूळ कागदावर शिक्का मारावा लागतो.

सगळ्यात मोठा घोळ नावाचा. पुरुषाचं नाव पाळण्यापासून शेवटपर्यंत एकच. आपलं मात्र लग्नात वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं, आणि ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं असेल तर पहिलं नावही जातं. मार्कशीट एका बाईची, आधार दुसरीचं, पासपोर्ट तिसरीचा. परदेशातल्या कारकुनाला तांदळाचं ताट कसं समजावणार? लग्नाची नोंदणी केलेलं प्रमाणपत्र हवं, आणि पहिलं नाव बदललेलं असेल तर राजपत्रातली नोंद हवी. ज्या मुलींची लग्नं आता ठरतायत त्यांना मी स्पष्ट सांगते, नाव बदलायचं की नाही हे तांदळाच्या आधी ठरवा. हौस म्हणून सासरी काहीही हाक मारू देत, कागदावर राहू द्या आहे तेच. यात सासरचा अपमान होतो असं मला वाटत नाही.

एजंटाबद्दल थोडक्यात. पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जाचं काम करायचा अधिकार तिथल्या परवानाधारक वकिलांना, क्यूबेकच्या नोटरींना आणि 'कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स'च्या सभासदांना आहे. सभासदांची यादी कुणालाही बघता येते. गाळ्यावर लाल पान रंगवलं म्हणून कुणी सभासद होत नाही. "अनुभवाचं पत्र आम्ही बनवून देतो, डिप्लोमा आम्ही मॅनेज करतो" असं जो म्हणतो त्याच्या पायरीवर पुन्हा चढू नका. खोटा कागद सापडला तर अर्ज बाद होतो आणि पाच वर्षं पुन्हा अर्जाचा रस्ता बंद. २०२३ मध्ये पंजाबातल्या कितीतरी मुलामुलींवर तिथून परत धाडलं जायची वेळ आली होती, कारण एजंटाने दिलेली कॉलेजची प्रवेशपत्रं खोटी होती. त्यांच्या आईबापांनी त्यासाठी पैसे मोजले होते, ते काही फुकटचे नव्हते.

आणि पॉइंट मिळाले म्हणजे नोकरी मिळाली असंही नाही. हे बोर्डावर लिहिलेलं नसतं. ई.सी.ए.चा दाखला देशात शिरायला उपयोगी. नर्स म्हणून, शिक्षिका म्हणून काम करायचं तर ज्या प्रांतात राहणार तिथला परवाना वेगळा काढावा लागतो, त्याच्या परीक्षा, त्याची फी, त्याचा वेळ वेगळा. डिग्री ओळखली जाते आणि ती बाई दुकानाच्या काउंटरवर उभी राहते, असं वर्षानुवर्षं चालत आलंय. ऑन्टॅरियो प्रांताने १ जानेवारी २०२६ पासून पंचवीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या मालकांना, जाहिरातीत 'कॅनडाचा अनुभव हवा' अशी अट लिहायला बंदी केली. जाहिरातीत लिहायला बंदी झाली; मुलाखत घेणाऱ्याच्या मनातलं कोण पुसणार?

म्हणून नर्सिंग झालेल्या किंवा बी.एड. झालेल्या मुलींना मी एवढंच विचारते: कुठल्या प्रांतात जाणार ते ठरलंय का? तिथल्या परवान्याला काय लागतं ते वाचलंय का? तिथे पोचल्यावर पहिली दोन वर्षं घर कुणाच्या पगारावर चालणार आणि परीक्षेला कोण बसणार, हे दोघांनी बोलून ठेवलंय का? बहुतेक वेळा उत्तर येतं, "ते नंतर बघू, आधी त्यांचं सेट होऊ दे." मग मी त्यांच्यापुढे वही सरकवते आणि दोन रकाने आखायला सांगते.